बांधलेल्या धरणावर वीजघर आणि पाण्यांतील मासळी

कालव्याचें आवर्तन बंद झालें म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तळाशीं उरलेल्या डबक्यांतून गांवचीं पोरें पंचाची झोळी करून मासे धरूं लागतात. हें दृश्य आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेलें असेल. ते मासे तेथें कोठून आले, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाहीं. त्यांतील पुष्कळसे धरणांतून आलेले असतात. मोरीचें दार उघडलें कीं पाण्याबरोबर तेहि बाहेर ओढले जातात. कांहीं वाटेंतच मरतात, कांहीं कालव्यांत येऊन पडतात, आणि जे जिवंत येतात त्यांस परत वर जाण्यास वाट नसते. मोरी साधी होती तोंवर या गळतीकडे दुर्लक्ष करून चाललें. परंतु त्याच मोरीच्या पाण्यावर टर्बाइन बसवून वीज काढावयाची ठरल्यास हा प्रश्न बाजूस ठेवून चालणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. व तो मासे धरणाऱ्या लोकांचाच नसून धरणावर ज्यांची शेती अवलंबून आहे त्यांचाहि आहे.

आधीं विजेचा हिशेब पाहूं. दर सेकंदास १० घनमीटर, म्हणजे सुमारें ३५३ क्युसेक्स, पाणी ३० मीटर उंचीवरून सोडलें तर त्यांत सुमारें २,९०० किलोवॉट शक्ति असते. यंत्रांत होणारी घट वजा जातां २,५०० किलोवॉट हातीं लागण्यास हरकत नाहीं. असें आवर्तन एक दिवस व एक रात्र चाललें तर ६० हजार युनिट वीज होते, आणि पाण्याचा एक थेंबहि कमी न होतां तेंच पाणी पुढें उसास किंवा ज्वारीस जातें. साध्या मोरींत ही सर्व शक्ति फेस उडविण्यांत व खालचा खडक खरवडण्यांत खर्च होते. नवें धरण बांधावयाचें नाहीं, नवीं गांवें बुडवावयाचीं नाहींत, भिंत तर केव्हांच उभी आहे. मग ही शक्ति वायां कां दवडावी, हा प्रश्न अगदीं रास्त आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाहीं. भाटघरचें लॉइड धरण १९२८ सालीं नीरेच्या कालव्यांसाठीं पुरें झालें. त्याच्या पायथ्याशीं १६ मेगावॉटचें वीजघर चालूं झालें तें १९७७ सालीं, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनीं. त्याच नीरेवर वीर येथें ९ मेगावॉट आहे. पैठणच्या जायकवाडी धरणावर १२ मेगावॉटचें यंत्र बसविलें आहे व तें उलटें फिरवून खालचें पाणी पुन्हा वर चढवितां येतें. २००५ सालीं महाराष्ट्र सरकारनें लहान वीजघरांचें दार खाजगी भांडवलासहि उघडलें. अमेरिकेंत २०१२ सालीं तेथील ऊर्जाखात्यानें ओक रिज प्रयोगशाळेकडून गणती करविली, तेव्हां असें दिसून आलें कीं त्या देशांतील ऐंशी हजारांहून अधिक धरणांपैकीं वीज देणारीं धरणें शेंकडा तीनच आहेत, आणि उरलेल्यांपैकीं ज्यांची पाहणी केली त्यांवरून सुमारें १२,००० मेगावॉट निघूं शकतील.

आतां माशाकडे वळूं. टर्बाइनमध्यें सांपडलेला मासा चक्कींतल्या दाण्यासारखा भरडला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे. पात्याचा घाव बसेल कीं नाहीं हें मुख्यतः माशाची लांबी, पात्यांची संख्या व चक्राचा वेग यांवर ठरतें. बोटाएवढें पिल्लू दोन पात्यांमधून बहुधा सुखरूप निसटतें. हातभर लांबीचा मासा निसटण्याचा संभव कमी. आणि अहिरासारखा लांबच लांब मासा, जो समुद्रांत जन्मतो, नदींत वाढतो व अंडीं घालण्यास पुन्हा समुद्राकडे जातो, त्याची गत सर्वांत वाईट. म्हणजे यंत्र नेमकें त्याच माशांवर घाला घालतें जे मोठे झाले आहेत व ज्यांच्यापासून पुढची पैदास व्हावयाची.

दुसरा घाव डोळ्यांस दिसत नाहीं. खोल पाण्यांतून मासा यंत्रांत शिरतो तेव्हां त्याच्यावर मोठा दाब असतो. पात्यांच्या पलीकडे येतांच क्षणार्धांत तो दाब नाहींसा होतो आणि त्याच्या पोटांतील वाताशय फुग्यासारखा फुगतो. रोहू, कटला, महाशीर यांचा वाताशय एका बारीक नळीनें घशाशीं जोडलेला असल्यामुळें कांहीं हवा तोंडावाटे बाहेर टाकतां येते. तिलापियाच्या जातीचा वाताशय बंद असतो, त्याला ही सोय नाहीं. अशा रीतीनें मेलेल्या माशाच्या अंगावर जखम दिसेलच असें नाहीं, म्हणून यंत्रावरचा मनुष्य प्रामाणिकपणें सांगतो कीं येथें मासे कापले जात नाहींत.

तिसरी गोष्ट पाण्याच्या प्राणवायूची. उन्हाळ्यांत खोल जलाशयाच्या तळचें पाणी कोंदतें. मोरीजवळ येणारा कुजकट वास त्याचाच. साध्या मोरींतून हें पाणी फवाऱ्यासारखें उडतें व उडतां उडतां हवा शोषून घेतें. टर्बाइनमधून तेंच पाणी शांतपणें, फेस न होतां बाहेर येतें. जी शक्ति आपण ‘वायां’ गेली म्हणून हळहळतों, तिनें इतके दिवस निदान एवढें काम तरी केलें होतें, हें मान्य केलें पाहिजे. अमेरिकेंत टेनेसी खोऱ्यांतील नॉरिस धरण १९३६ सालचें; त्याच्या खालच्या नदींत माशांना श्वास घेण्यापुरता प्राणवायु उरत नसे. अखेर १९९५ च्या सुमारास तेथें जुनीं चक्रें काढून स्वतःच हवा ओढून घेणारीं चक्रें बसविलीं, आणि खालीं एक बुटका बंधारा घालून पाणी त्यावरून सांडूं दिलें, तेव्हां नदी सुधारली. हा उपाय पहिल्याच दिवशीं करतां आला असता तर साठ वर्षें गेलीं नसतीं.

या सर्व गोष्टी एकत्र पाहावयाच्या तर अमेरिकेच्या आयडाहो राज्यांतील बॉयसी नदीचें उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें, कारण तेथील वीजघरें शेतकऱ्यांच्या पाणीवांटप संस्थांनीं उभारलेलीं आहेत. मुलूख आपल्या दुष्काळी पट्ट्याप्रमाणें कोरडा. पाऊस थोडा, वरच्या डोंगरांत वितळणारें बर्फ हाच काय तो आधार. सरकारच्या रिक्लेमेशन खात्यानें १९१५ सालीं तेथें अ‍ॅरोरॉक नांवाचें धरण पुरें केलें. उंची ३४८ फूट. त्या वेळीं जगांत याहून उंच धरण नव्हतें. हें केवळ पाणीपुरवठ्याचें धरण होतें, वीज नव्हती. त्याच्या खालीं १९५५ सालीं लष्कराच्या इंजिनियर खात्यानें पुरनियंत्रणासाठीं लकी पीक धरण घातलें, व त्याचा फुगवटा अ‍ॅरोरॉकच्या पायथ्यास येऊन टेकला. या दुसऱ्या धरणावर १९८८ सालीं १०१ मेगावॉटचें वीजघर झालें, आणि २०१० सालीं अ‍ॅरोरॉकवरहि १५ मेगावॉटचें. दोन्ही ठिकाणीं परवाना घेणाऱ्या संस्था खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या आहेत. धरणें मात्र सरकारच्याच मालकीचीं राहिलीं. पाणी केव्हां व किती सोडावयाचें हें वीजघर ठरवीत नाहीं. शेतीसाठीं व पुरासाठीं जें सुटेल त्यावर चक्र फिरावयाचें, हा तेथील व्यवस्थेचा पाया आहे. आमच्या मतें अर्धें मत्स्यरक्षण याच एका अटींत येऊन जातें. त्याचें कारण पुढें सांगतों.

मध्यंतरीं या शेतकऱ्यांपुढें एक अडचण उभी राहिली. बॉयसीच्या वरच्या प्रवाहांत बुल ट्राउट नांवाचा मासा आहे. हिंवाळा तो अ‍ॅरोरॉकच्या जलाशयांत काढतो, उन्हाळ्यांत वरच्या थंड ओढ्यांत चढतो, शरदांत तेथें अंडीं घालतो आणि पुन्हा जलाशयांत उतरतो. १९९८ सालीं कायद्यानें या माशाची गणना धोक्यांतील जातींत झाली. मग शोध करतां असें आढळलें कीं शेतीचा हंगाम संपतां संपतां जलाशय खालवतो, उरलेलें पाणी भिंतीजवळ गोळा होतें, मासेहि तेथेंच जमतात, आणि मोरीवाटे खालच्या लकी पीकमध्यें ओढले जातात. एकदां खालीं गेलेला मासा परत येऊं शकत नाहीं, कारण साडेतीनशें फुटांच्या भिंतीस शिडी नाहीं. वरच्या ओढ्यांत त्याची जागा रिकामी राहते. म्हणून सरकारी खात्यास जाळीं लावून लकी पीकमधले बुल ट्राउट धरावे लागले व गाडींतून वर नेऊन सोडावे लागले. वीजघर नव्हतें तेव्हांहि ही गळती होतीच, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वीजघराच्या निमित्तानें तिचा हिशेब मांडला गेला, एवढेंच.

हें वाचून कोणी म्हणेल, आयडाहोच्या थंड पाण्यांतील ट्राउटाशीं आमचा काय संबंध? संबंध असा कीं आपल्या महाशीराचें जीवन जवळजवळ याच सांच्यांत बसतें. ज्यास आपले लोक खडशी म्हणतात, व ज्याची शास्त्रांत प्रथम नोंद कर्नल साइक्स यांनीं पुण्याच्या मुळा-मुठेवरून १८३९ सालीं केली, तो मासा जलाशयांत किंवा खोल डोहांत राहतो आणि पावसाळ्यांत गोट्यांच्या, वाहत्या, स्वच्छ ओढ्यांत चढून अंडीं घालतो. महाडकडे वाळण कोंडींत त्यास देवाचा मासा म्हणून कोणी हात लावीत नाहीं. पहिल्या पावसांत प्रवाहाविरुद्ध धांव घेणाऱ्या माशांस घाटावर चढणीचे मासे म्हणतात, कोंकणांत त्या धांवेस वलगण म्हणतात. म्हणजे ही गोष्ट आपल्या लोकांस शास्त्रज्ञांच्या आधींपासून ठाऊक आहे. आतां पंचांग मांडून पाहा. बॉयसीचा जलाशय शरदांत खालवतो, आपला वैशाख-ज्येष्ठांत. उन्हाळी आवर्तनाचें शेवटचें पाणी सुटतें तेव्हां धरणांत मोजकाच साठा उरलेला असतो, आणि याच वेळीं पोटांत अंडीं धरूं लागलेले मोठे मासे त्या आखूड पाण्यांत, मोरीच्या तोंडाशीं, गोळा झालेले असतात. महिनाभर तग धरली तर ते ओढ्यांत चढणार. त्या महिन्यांत ते चक्रांत गेले तर वर्षाची पैदास गेली.

यावरून उपायांचा क्रमहि ठरतो. आपल्याकडे मत्स्यरक्षण म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें माशांची शिडी येते. सखल बंधाऱ्यावर ती उपयोगी आहे; दीडशें-दोनशें फुटांच्या भिंतीवर ती आपल्या माशांस चढवेल अशी आशा आम्हांस नाहीं. परंतु जे मासे धरणाच्या वरच राहतात व वरच चढतात त्यांना शिडी नकोच आहे. त्यांना हवें आहे तें बाहेर ओढले न जाणें. म्हणून पहिला मान तोंडावरच्या जाळीचा. नुसता कचरा अडविणारे गज पुरेसे नाहींत, कारण त्यांच्या फटींतून मासा सहज जातो. आणि फटी लहान करून पाण्याचा वेग तसाच ठेवला तर मासा जाळीवर चिकटून मरतो. जाळीजवळ पाणी इतकें संथ असावें लागतें कीं माशास पोहून मागें फिरतां आलें पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिम भागांत सामन माशाच्या पिल्लांसाठीं हा वेग सेकंदास ०.४ फुटाहून अधिक नसावा असा दंडक आहे. अर्थात् एवढा संथपणा आणावयाचा तर जाळीचें क्षेत्रफळ मोठें लागतें व खर्च वाढतो, हें आम्ही लपवीत नाहीं.

ऑरेगॉन राज्यांत हूड नदीच्या कांठीं सफरचंद व नासपतीच्या बागा करणाऱ्यांची एक पाटसंस्था आहे. तिच्या कालव्यावर लहान वीजघरें आहेत. १९९६ सालच्या पुरांत तिच्या जाळ्या मोडून गेल्या. उभ्या जाळ्यांत पालापाचोळा अडकावा, त्या साफ करणारीं यंत्रें बिघडावीं, व पूर आला कीं सगळेंच वाहून जावें, या जाचास कंटाळून संस्थेच्याच माणसांनीं जाळी आडवी, सपाट, पाण्याच्या तळाशीं घालण्याची युक्ति काढली. वरून पाणी वेगानें सरकत जातें व कचरा आणि मासे आपल्याबरोबर नदीकडे परत नेतें. कालव्याचें पाणी मात्र जाळींतून हळूहळू खालीं झिरपतें. फिरणारा भाग एकहि नाहीं. ही जाळी पुढें दुसऱ्या अनेक पाटांवर बसविली गेली. उंच धरणाच्या खोल मोरीस ती लागू पडणार नाहीं. पण बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्याच्या तोंडाशीं ती आपल्याकडेहि करून पाहण्यासारखी आहे.

चक्रांतहि सुधारणा होत आहे. पात्याची कड पातळ व धारदार असण्याऐवजीं जाड व गोल केली तर तिच्यापुढें पाण्याचीच एक गादी तयार होते आणि मासा बाजूस ढकलला जातो. या तत्त्वावर अमेरिकेंत नवीं चक्रें झालीं असून नेटेल या कंपनीच्या चक्रांतून सोडलेले ट्राउट व अहिरासारखे लांब मासे जवळजवळ सगळे जिवंत बाहेर आल्याचें चांचण्यांत दिसलें आहे. मात्र हीं चक्रें थोड्या उंचीच्या पाण्यासाठीं आहेत. भाटघरासारख्या उंच भिंतीच्या पायथ्याशीं तीं चालतील असें समजूं नये. बंधारे व कालव्यावरचे उतार यांसाठीं तीं योग्य. विक्रेत्याच्या पत्रकांत हा भेद ठळक अक्षरांत असेलच असें नाहीं.

वर म्हटल्याप्रमाणें आतां वेळेचा मुद्दा. विजेस खरा भाव संध्याकाळीं मिळतो. वीजघर चालविणाऱ्यास साहजिकच वाटतें कीं दिवसभर पाणी अडवावें व दिवेलागणीपासून चार तास जोरानें सोडावें. शेतकऱ्यास आवर्तन एकसारखें पाहिजे. पाणी चढलें-उतरलें कीं शेवटच्या चारीवरचा मनुष्य कोरडा राहतो. माशासहि एकसारखेंच पाणी पाहिजे. नदी रात्रीं भरली व पहाटे ओसरली तर पिल्लें उथळ खडकांत अडकून सकाळच्या उन्हांत मरतात, आणि कांठावर घातलेलीं अंडीं उघडीं पडतात. म्हणजे येथें शेतकरी व मासा यांचें हित एकच आहे आणि तें संध्याकाळच्या भावाच्या विरुद्ध आहे. भाव सोडावयाचा नसेल तर वीजघराच्या खालीं दुसरा बंधारा घालून पाणी त्यांत घ्यावें व तेथून संथ सोडावें. पण हा खर्च विजेच्या खात्यावर पडला पाहिजे, पाटाच्या नव्हे. जेथें पाणी उलटें वर चढवावयाचें असेल तेथें मासा दोनदां चक्रांत सांपडतो, म्हणून जाळी दोन्ही तोंडांस लागेल.

मासे मेले तर पिल्लें आणून सोडूं, असें उत्तर अशा वेळीं तत्परतेनें मिळतें. धरणांत मत्स्यबीज सोडणें हें चांगलें काम आहे व मच्छीमार सोसायट्यांचें पोट त्यावर चालतें. लोणावळ्यास महाशीराचें बीज तयार करण्याचें काम १९७० नंतरच्या काळांत यशस्वी झालें, त्याबद्दल आम्हांस आदर आहे. पण तेथील बीज पुढें कावेरींतहि सोडलें गेलें, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर मागें हटत गेला. २०१८ सालीं तो अत्यंत धोक्यांतील जातींत नोंदला गेला, व परका महाशीर हें त्याच्या ऱ्हासाचें एक कारण असल्याचें संशोधक मानतात. एका नदीचें बी दुसऱ्या नदींत पेरतांना गव्हाच्या बियाण्यापेक्षां अधिक विचार करावयास पाहिजे. गहूं मोडून टाकतां येतो.

तेव्हां ज्या धरणावर वीजघर येऊं घातलें असेल तेथील पाणीवापर संस्थांनीं करारावर सह्या होण्यापूर्वींच आपलें म्हणणें मांडावें. पाणी सोडण्याचा अधिकार पाटाकडेच राहावा. वैशाख-ज्येष्ठांत साठा एका ठराविक पातळीखालीं गेला तर केवळ विजेसाठीं पाणी सुटूं नये. तोंडावरची जाळी व हवा घेणारें चक्र मूळ अंदाजपत्रकांतच असावें. आणि वर्षांतून कांहीं दिवस चक्राच्या खालीं जाळें लावून किती मासे कोणत्या स्थितींत येतात हें मच्छीमार सोसायटीच्या समक्ष मोजावें. काँक्रीट ओतण्यापूर्वीं जाळीसाठीं रुंद तोंड ठेवणें हें नकाशावरच्या एका रेघेचें काम आहे. ओतल्यावर तेंच काम जलाशय रिकामा करून करावें लागतें, आणि भर हंगामांत जलाशय रिकामा करण्यास कोणता शेतकरी रुकार देईल?

हें मोजण्याचें काम वीजघर येण्यापूर्वींहि करतां येण्यासारखें आहे. येत्या उन्हाळी आवर्तनानंतर कालव्याच्या डबक्यांत कोणते मासे सांपडतात, त्यांची लांबी किती, व किती मेलेले असतात, हें आमच्या कालव्याकांठच्या वाचकांनीं गांव, चारी व तारीख घालून कळविल्यास आम्ही तें या मासिकांत एकत्र करून छापूं. पोरांनीं धरलेले मासे मोजतांना त्यांना ते परत द्यावे, म्हणजे पुढच्या खेपेसहि तीं आनंदानें आणून दाखवितील.